पाटीवरची मोकळी ओळ

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मोकळी जागा सहन व्हायची नाही. पार्किंगच्या कोपऱ्यात चार फरशा रिकाम्या दिसल्या की ते तिथे कुंडी आणून ठेवायचे, आणि मीटिंगमध्ये कोणी गप्प झालं की स्वतः बोलायला लागायचे. सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, अतिशय प्रामाणिक गृहस्थ. सोसायटीचा एक रुपया त्यांनी कधी इकडचा तिकडे केला नाही, आणि सोसायटीतल्या एकाही माणसाला कधी सुखाने बसू दिलं नाही.

हडपसरला तेव्हा आयटी पार्क येत होते. जिथे भाजीचे मळे होते तिथे आमच्यासारख्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतले निम्मे फ्लॅट भाड्याने गेले. कुरिअरवाली मुलं दिवसभर भलत्यांच्याच बेल वाजवायची. यावर उपाय म्हणून सेक्रेटरींनी जिन्याच्या तोंडाशी नावांची मोठी पाटी लावली. प्रत्येक फ्लॅटला एक ओळ, ओळीत पूर्ण नाव, म्हणजे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. वर मराठीत, खाली इंग्रजीत, कारण जमाना बदलला होता आणि सेक्रेटरींना ते मान्य होतं. पेंटरने चार दिवस खपून पाटी पूर्ण केली तेव्हा सगळ्या इमारतीत एकच ओळ मोकळी राहिली. ती माझ्या फ्लॅटची होती.

हा फ्लॅट आम्ही राहत होतो त्याच्या समोरचा. बँकेत संगणक आले, बँकेला माणसं जास्त वाटायला लागली, आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. 'स्वेच्छा' हा शब्द बँकेचा. त्या पैशांतून मी हा फ्लॅट घेतला आणि इराकहून एम.सी.ए. करायला आलेल्या एका मुलाला भाड्याने दिला. त्याचं नाव मी इथे सांगत नाही. का ते पुढे कळेलच, आणि एकदा ती सवय लागली की कोणाचंच नाव सांगू नये असं वाटायला लागतं.

मुलगा सव्वीसेक वर्षांचा, उंच, अंग चोरून चालणारा. आल्या आल्या त्याला सोसायटीच्या मीटिंगला बोलावण्यात आलं. ओळख करून घ्यायची म्हणून. इराकबद्दल आमच्या इमारतीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. तळमजल्यावरच्यांनी सांगितलं की हे सगळं तेलासाठी चाललंय. दुसऱ्या मजल्यावरच्यांचं मत पडलं की त्या लोकांना लोकशाही झेपायची नाही. ज्याच्या देशाबद्दल चाललं होतं तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून चहाच्या कपाकडे बघत होता. शेवटी कोणीतरी त्याला हिंदीत विचारलं, शिया की सुन्नी? आणि लगेच म्हणालं, "ऐसेही पूछा. सहज."

"स्टुडंट," तो म्हणाला.

सहज विचारणं ही आमच्या शहराची खासियत आहे. आडनाव काय, सहज. मूळचे कुठले, सहज. अच्छा, म्हणजे त्या गावचे कोण, सहज. समोरच्याला नेमकं कुठल्या खणात ठेवायचं ते कळेपर्यंत हे सहज विचारणं थांबत नाही. माझ्यापुरतं ते लग्नानंतर थांबलं होतं. नवऱ्याचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर', ज्याला जे समजायचं ते समजावं. माहेरचं तसं नव्हतं. ते उच्चारलं की ऐकणाऱ्याला पुढचं काही विचारावं लागायचं नाही. छप्पन्न साली माझ्या आजोबांनी धर्म बदलला, पण आडनाव तेच ठेवलं. सासरी आले आणि पंचवीस वर्षं शांततेत गेली. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, पण त्या काळात शोभेला बुद्ध ठेवायची फॅशन आली आणि आमची आपसूक सोय झाली. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, वाट्या इकडून तिकडे जायच्या. सेक्रेटरींच्या पत्नीच्या अळूवड्या आमच्याकडे आणि माझा खिमा, सेक्रेटरी श्रावण सोडून चोरून खायचे म्हणून, झाकण लावून त्यांच्याकडे.

तर मोकळी ओळ. सेक्रेटरी एक दिवसाआड मुलाच्या दारावर उभे राहायचे. "नाव द्या. पासपोर्टवर आहे तसं. नियम म्हणजे नियम." मुलगा मान हलवायचा, उद्या म्हणायचा, दार लावून घ्यायचा. हे इतक्या वेळा झालं की 'नियम म्हणजे नियम' हे त्याला आलेलं पहिलं मराठी वाक्य ठरलं, अगदी शेवटच्या 'यम'वर सेक्रेटरी जो दाब द्यायचे त्यासकट. मग सेक्रेटरी माझ्याकडे आले. महिनाअखेर नाव लागलं नाही तर जागा रिकामी करून घ्या, म्हणाले. "वहिनी, लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस नाव का लपवेल?"

हे मलाही कळेना. पोलिसांकडे त्याचं नाव होतं, कॉलेजकडे होतं, भाडेकरारात होतं. मी त्याला चहाला बोलावलं आणि सरळ विचारलं. तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत लिहिते आहे.

सरकार पडलं तेव्हा आम्ही गच्चीवर चढून बघत होतो, तो म्हणाला. वडील म्हणाले, आता बरं होईल. ते शाळेत भूगोल शिकवायचे. आधी सैनिकांच्या गाड्यांखाली बॉम्ब फुटायला लागले. मग बाजारात. मग एका पंथाच्या बाजारात फुटला की दुसऱ्या पंथाच्या गल्लीत तोंडं झाकलेली माणसं गाडीतून यायची आणि सूड म्हणून दिसतील त्यांना घेऊन जायची. रस्त्यांवर तपासणीचे नाके उभे राहिले. कोणाचे ते लांबून कळायचं नाही. वडील गॅसचा सिलिंडर आणायला गेले आणि एका नाक्यावर त्यांना नाव विचारलं. त्यांनी खरं सांगितलं. भूगोलाच्या मास्तरला कोण काय करणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यांचं प्रेत कालव्याकाठी मिळालं.

"पण ओळखायचं कसं?" मी विचारलं. "चेहरे एकसारखे, भाषा एकच."

"नावावरून. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, घराण्याचं नाव. तुमच्या सेक्रेटरीकाकांना लागतं तेवढंच."

वडील एका पंथाचे, आई दुसऱ्या. वडील गेल्यावर आई धाकट्याला घेऊन आपल्या भावाच्या मोहल्ल्यात राहायला गेली होती. तिथे, देशाबाहेर पडायची सोय होईपर्यंत, तो धाकटा मामाचं घराण्याचं नाव लावून वावरत होता. कोणाचा मुलगा ते शेजाऱ्यांना कळलं असतं तर तो संपला असता, आणि त्याला लपवलं म्हणून मामाही. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तेव्हा परदेशी फोनचं बूथ होतं. पुण्यातली इराकी, सुदानी, येमेनी मुलं घरी फोन लावायला तिथे यायची आणि नंबर येईपर्यंत जिन्याच्या तोंडाशी उभी राहायची. त्यांतली दोन मुलं मामाच्या मोहल्ल्यातली होती. त्यांना हा मामाच्या घरातला म्हणून आणि कॉलेजातल्या टोपणनावाने माहीत होता, पूर्ण नावाने नाही. उभ्या उभ्या माणूस दुसरं काय करणार, पाटी वाचणार. आणि मग आत जाऊन घरी फोन लावणार. सहज सांगणार.

मला त्या क्षणी आमच्या पाटीची भीती वाटली. कुरिअरसाठी केलेली साधी पाटी, पण तिची मागणी तीच होती जी त्या नाक्यावरच्या माणसांची होती.

मी सेक्रेटरींना जाऊन भेटले. कारण सांगता येत नव्हतं, कारण सेक्रेटरींना सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पाण्याच्या टाकीवाल्यालाही कळायची. म्हटलं, भाडेकरूऐवजी मालकाचं नाव लावा.

"तुमचं नाव समोरच्या फ्लॅटला आहेच. एकाच नावाच्या दोन ओळी झाल्या तर पाटी कशाला केली?"

"मग माझं माहेरचं लावा. हल्ली लावतात. तुमची सूनही लावते."

सून अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होती आणि तिचं माहेरचं नाव हा सेक्रेटरींच्या आधुनिकतेचा एकमेव पुरावा होता. ते खूश झाले. खिशातून पेन काढून म्हणाले, "अवश्य. सांगा."

मी सांगितलं. माझं, माझ्या वडिलांचं, आणि आडनाव. पेन थांबलं. मग त्यांनी स्पेलिंग विचारलं. तेवढंच सुचलं असावं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो पेपर वाचत होता. "पंचवीस वर्षं कोणी विचारलं नाही," म्हणाला.

"पाटीवर लागल्यावरही विचारणार नाहीत."

"तेच म्हणतोय." मग पेपर खाली ठेवून म्हणाला, "पेंटरला अक्षरं जरा मोठी काढायला सांग. लहान असली की लोक जास्त वाकून बघतात."

नाव लागलं. बूथवरची मुलं ते वाचून, काही न समजता, पुढच्या ओळीकडे गेली. ज्यांना समजायचं त्यांना समजलं. कोणी एक शब्द वावगा बोललं नाही. आमच्याकडे तसं बोलत नाहीत. सेक्रेटरी मला 'वहिनी' म्हणायचे ते 'मॅडम' म्हणायला लागले. माझी वाटी परत आली ती स्वच्छ घासलेली, कोरडी, रिकामी. तोवर आमच्या जिन्यात रिकामी वाटी परत करायची पद्धत नव्हती. संक्रांतीला हळदीकुंकू झालं हे मला कळलं, कारण सगळ्यांच्या हातात सारखे प्लास्टिकचे डबे दिसले. मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण त्या अळूवड्या खरंच चांगल्या असायच्या.

हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या मुलाच्या. नवऱ्याच्याही आधी. एकदा दारात उभा राहून म्हणाला, "आंटी, खालच्या आंटी हल्ली तुमच्याकडे येत नाहीत. नाव लागल्यापासून. काय आहे त्या नावात?"

मी थोडक्यात सांगितलं. आजोबा, विहीर, गावाबाहेरची वस्ती, छप्पन्न साल. तो ऐकत होता, आणि त्याचा चेहरा बघून मला कळलं की त्याला फार समजावून सांगावं लागणार नाही.

"पण तुमचे चेहरे सारखेच आहेत," तो म्हणाला. "भाषा एकच."

"हो."

"पुसून टाका. मी दुसरीकडे खोली बघतो."

"इथे रिकाम्या वाट्या येतात. कालव्यापर्यंत कोणी नेत नाही, निदान मला," मी म्हटलं. "भाऊ सीमेपलीकडे पोचेपर्यंत तू इथेच राहा."

मग त्याने बुधवार पेठेतून माइकवाले हेडफोन आणले आणि बूथवर न जाता घरूनच कॉम्प्युटरवरून आईशी बोलायला लागला. त्याच्या बाजूने मला फक्त एक लय ऐकू यायची, विचारणं आणि थांबणं. एका दुपारी ती लय तुटली. मी दार उघडलं तर हा जिन्यात बसलेला, हेडफोन गळ्यात, तोंड दोन्ही हातांत. वाईटच डोक्यात आलं. तो म्हणाला, पोचले. आई आणि धाकटा दोघेही बसने सीमा ओलांडून सीरियात पोचले होते. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि दोघेही रडलो. खालून सेक्रेटरींच्या पत्नी वर बघून गेल्या.

पेढे वाटताना त्याने सगळ्यांना कारण सांगितलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. आमच्या इमारतीला ती गोष्ट फार लागली. लोक हळहळले, खरोखर हळहळले. नावावरून माणसं मारतात म्हणजे काय, असं तळमजल्यावरचे दोनदा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी पेंटरला घेऊनच वर आले.

"मॅडम, आता यांचं स्वतःचं नाव लावायला हरकत नाही. खर्च सोसायटीचा." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "परदेशी असला तरी मुलगा अगदी आपल्यातला आहे हो."

"आणि मी?"

"गैरसमज नको, मॅडम." त्यांनी घाम पुसला. "नाव लावलंच पाहिजे असंही काही नाही. मोकळी ठेवली ओळ तरी चालेल. शोभेल ती."

पेंटरने डब्याचं झाकण उघडलं होतं. आमचं बोलणं ऐकून तो मुलगा समोरच्या दारातून बाहेर आला, आणि त्याने सेक्रेटरींकडे बघून मान अदबीने झुकवली.

"काका," तो म्हणाला, "नियम म्हणजे नियम."

शेवटच्या 'यम'वर तोच दाब. पेंटर आळीपाळीने आम्हा तिघांकडे बघत राहिला आणि मग त्याने झाकण परत लावलं.