डाव्या मांडीचं माप

आमच्या ह्यांना सगळे मास्तरच म्हणायचे, शिंपी होते म्हणून. जाऊन महिना झाला. गेले ते हार्टनी, गुडघ्यानी नाही, पण मला सारखा तो गुडघाच आठवतो, काय करू.

एका जाड्या गिऱ्हाईकाच्या पोटाचं माप घेत होते. टेप मागून आणायला गेले, पाऊल चटईत अडकलं, हे वळले पण पाऊल काही वळलं नाही. बसले खालीच. वाटी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला गेलेली, पँटीवरून दिसत होती. मी आतून पळत आले तर गिऱ्हाईक दोन्ही हात पसरून तसंच उभं. मास्तरांनी हात खाली करा म्हटलं नव्हतं ना.

डॉक्टरांनी पाय हळूहळू सरळ केला तशी वाटी टकदिशी जागेवर बसली. फोटो काढला. म्हणाले अख्खा गुडघा निखळला असता तर फार मोठं दुखणं होतं, ही नुसती वाटी सरकलीय. तीन आठवडे पट्टा, मग व्यायाम. मांडीचा स्नायू वाटीला धरून ठेवतो, तो ढिला पडला की वाटी परत सरकेल.

हे म्हणाले, "म्हणजे नाडी सैल झाली की पायजमा घसरतो, तसं."

डॉक्टर हसले. पण बजावलं, दोन्ही मांड्या मापात सारख्या झाल्याशिवाय पायमशीनवर बसायचं नाही. ह्यांचा जीवच त्या मशीनीत. जावई म्हणाले मोटर बसवू, तर दोन दिवस जावयाशी बोलले नाहीत.

व्यायाम म्हणजे गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं आणि दहा आकडे मोजायचे. ह्यांचे दहा आकडे माझ्या एका शिंकेत संपायचे. दर रविवारी मांडीचं माप स्वतःच घ्यायचे, मी कॅलेंडरवर लिहायची. तिसऱ्या रविवारी मांड्या सारख्या. मला काही पटेना. दुपारी हे घोरत होते तेव्हा मी टेप लावली. डावी दोन इंच कमी.

उठल्यावर विचारलं, "गिऱ्हाईकाचं माप असं घेतलं असतं का?"

"थोडी ढिलाई ठेवली होती."

"दोन इंच?"

चाळीस वर्षं मला टेप सैल धरतेस म्हणून बोलणी ऐकवणारा माणूस, माझ्या हातातली टेप घेऊन गुंडाळायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून आकडे सावकाश मोजायला लागले. आणि पलंगावर बसून हातशिलाईनं एक पँट शिवली, डावा पाय त्या बारक्या मांडीला घट्ट, कापड आत दाबून ठेवलेलं. म्हणाले आता ही खोटं बोलणार नाही. मांडीला आवळायला लागली की शिवण उसवायचे आणि अर्धा इंच सोडायचे. असं चारदा. चौथ्यांदा उसवली त्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही मांड्या मोजल्या, हो म्हणाले, आणि हे घरी येऊन चहा पण न घेता मशीनवर बसले. शिवायला काही नव्हतं. नुसतंच चिंधीवर टीप मारत बसले.

परवा त्यांचे कपडे वाटायला काढले. ती पँट उलटी केली तर डाव्या मांडीला जुन्या टाक्यांच्या भोकांच्या चार ओळी. धाकटे भाऊजी म्हणाले, वहिनी, ही मला होईल.

मी म्हटलं, नाही होणार भाऊजी, तिचा एक पाय तंग आहे.

होईल की त्यांना. दोन्ही पाय सारखे आहेत. मीच टेप लावून बघितले.