गुणाबाईनं राखलेलं तळं

खानापूरजवळच्या एका खेड्यात भरमू नावाचा शेतकरी तालमीत लाठी शिकवायचा. त्याची मुलगी गुणाबाई विसाव्या वर्षीच सगळ्यांच्या पुढे गेली होती. तिच्या अंगात आणखी एक गोष्ट होती. ती हात फिरवील तसं पाणी वळायचं. गावालाही त्याची सवय झाली होती.

१९३२च्या वैशाखात, भर दुपारी, गावच्या तळ्यावर आभाळातून तांब्याच्या रंगाचं एक यान उतरलं. त्यातून ताडासारखे उंच तिघे बाहेर आले आणि तळ्याचं पाणी यानाकडे वर चढू लागलं. लोक रानात पळाले. गुणाबाई लाठी घेऊन बांधावर उभी राहिली.

"गुणे, माघारी फिर गं!" भरमू ओरडला.

"आप्पा, तळं गेलं तर माणसं-जनावरं पितील काय?"

तिघांतल्या एकानं नुसता हात उचलला आणि लाठीचे तुकडे झाले. मग तिनं दोन्ही हात ताणले. वर चढणारं पाणी थरथरत थांबलं. तिच्या नाकातून रक्त आलं, पण हात खाली आले नाहीत. तेवढ्यात समोरचा एक जण कोसळला. त्याचं अंग सुकल्या चिखलासारखं भेगाळलं होतं. हे तहानेनं आलेत, हे तिला तेव्हा कळलं.

तिनं पाण्याचा एक लोट त्याच्यावर सोडला. "प्यायला लागंल तेवढं घ्या. तळं मात्र न्हाय मिळायचं."

भाषा नाही, पण अर्थ त्यांना कळला. तिघं पोटभर प्याले आणि निघून गेले.

गुणाबाईचा उजवा हात पुढे दोन महिने बधिर होता. त्या वर्षीची भातलावणी तिनं डाव्या हातानं केली.