भाकर बाटली

"काऊन वं, आमची पोरगी उपाशी मरून राह्यली होती का?"

शाळा समितीचे अध्यक्ष वर्गात शिरले होते. चपला पायातच. एरवी मला 'तुम्ही' म्हणणारा माणूस.

टेबलावर ताटलीत पाऊण भाकर उरली होती. त्यांनी माझी फूटपट्टी उचलली आणि तिच्या टोकानं भाकर ढकलत ढकलत टेबलाखाली पाडली. हात लागू दिला नाही. मग फूटपट्टीही टाकून दिली.

"उचल. अन् जागा पुसून घे."

तिसरी-चौथीची पोरं बघत होती. मी वाकले. तुकडे उचलले. फळा पुसायच्या फडक्यानं जागा पुसली. मी, त्या पोरांची मॅडम.

आंजीच्या पुढच्या एका लहान गावातली ही शाळा. मी तिथं कंत्राटी शिक्षिका. पुलगावहून एसटीनं येते. आमचं घर बौद्धपुऱ्यात. रुजू झाले त्या दिवशी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग कोणीच काही विचारलं नाही. दुपारच्या चहाला सगळ्यांचे कप टेबलावर यायचे, माझा खिडकीत. मी मनाला सांगत आले, टेबलावर जागा नसेल. माणूस स्वतःला किती फसवतो.

माझ्या पोरांना अपूर्णांक कळत नव्हते. पुस्तकात रंगवलेली वर्तुळं होती. पोरं 'एक छेद चार' असं घोकायची, पण मोठं काय, एक छेद दोन की एक छेद चार, असं विचारलं की सगळा वर्ग ओरडायचा, एक छेद चार. का? तर दोनापेक्षा चार मोठे. फळ्यावर कितीदा काढून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी म्हटलं, वर्तुळ रोज यांच्या ताटात असतं, ते आणू.

पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी थापल्या. वर्गात एकीचे दोन भाग केले, दुसरीचे चार. अर्धी आणि पाव शेजारी ठेवल्या. मग सगळ्यांना एकेक पाव दिली. पोरं तुकड्यावर तुकडा ठेवून मोजायला लागली. गुंजन, अध्यक्षांचीच मुलगी, तिनं आपल्या पाव भाकरीचे दोन तुकडे केले आणि म्हणाली, "मॅडम, हे अधपाव झालं न?" किराणा दुकानातून ती नेहमी अधपाव चायपत्ती आणते. मी विचारलं, एका भाकरीत असे किती? तिनं बोटांवर मोजलं. "आठ. म्हंजे खालचा आकडा मोठा झाला का तुकडा लहान होते."

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला नाचावंसं वाटलं. नोकरीत इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मग पोरांनी भाकर खाल्ली. हातात भाकर आली की पोर खाणारच. गुंजननं तर तळहाताला चिकटलेला भुगाही चाटला.

मधल्या सुट्टीत ती घरी गेली आणि मोठ्या कौतुकानं म्हणाली, "आमच्या मॅडमनं भाकर बाटली."

आमच्याकडं मराठीत हिंदी मिसळलेली. पोरं वाढदिवसाचे चॉकलेट 'बाटतात'. बाटली म्हणजे वाटली. पण तिच्या आजीला दुसरंच ऐकू आलं, बाटवली. भाकर कोणाच्या घरची, हे कळल्यावर तर घरात कल्लोळ. पोरीला थोबाडीत बसली. डोक्यावरून आंघोळ घातली. आणि बाप माझ्या वर्गात.

अध्यक्ष गेल्यावर मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात.

"मॅडम, ध चा मा झाला हो. मिटून जाईल. उद्या परिपाठाला सांगून द्या का भाकर शाळेचा आहार शिजवणाऱ्या बाईच्या हातची होती. तिच्या हातचं सगळ्यायले चालते. एकच तर वाक्य आहे. अन् पुढच्या टायमाले कागदाची भाकर करा. कागद बाटत नाई."

माझी मुदत संपत आली होती. पुढं ठेवायचं की नाही, याचा ठराव समितीच देणार. आई अंथरुणावर. घरात कमावणारी मी एकटी. आधी डी.एड. होऊन कितीतरी वर्षं जिनिंगमध्ये कापूस उचलला आहे मी. ती धूळ पुन्हा छातीत घ्यायची माझी ताकद नव्हती.

मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एसटीत ते वाक्य पाठ करत आले. देवाला मी मानत नाही, नाहीतर बस बंद पडू दे म्हणून हात जोडले असते.

परिपाठाला अध्यक्ष आणि आणखी काही पालक झेंड्याजवळ उभे होते. मुख्याध्यापक सर म्हणाले, मॅडमला थोडं बोलायचं आहे. मी पुढं झाले.

"काल तुम्ही जी भाकर खाल्ली..."

"मॅडम, मी नाई खाल्ली. मी थुकून देल्ली होती."

गुंजन. पहिल्या रांगेत. गाल सुजलेला. माझ्याकडं नाही, बापाकडं बघत बोलली. आठ वर्षांची पोर. काल अपूर्णांक शिकली, आज हे.

माझं वाक्य आणि तिचं वाक्य एकच होतं. ती घाबरून खोटं बोलत होती, मीही. आणि मी तिची मास्तरीण.

मी म्हणाले, "ती भाकर मी केली. माझ्या घरी, माझ्या हातानं. तुम्ही ती खाल्ली, त्यात कोणाचं काही चुकलं नाही. कोणाला काही म्हणायचं असेल तर मला म्हणा. पोरीला मारू नका."

अध्यक्ष म्हणाले, "झालं तुहं आता."

गुंजन आता माझ्या वर्गात नाही. तिला दुसऱ्या शाळेची गाडी न्यायला येते. आणखीही पोरं गेली. गाडीत बसताना ती खाली मान घालते. ते मला बघवत नाही.

समितीचा ठराव अजून झालेला नाही. सर रोज समजावतात. "राजीनामा देऊन द्या मॅडम. दाखला चांगला देतो. अब्रू तरी राह्यते."

कोणाची अब्रू?

मी घाबरले आहे. आईचं औषध संपत आलं की उरलेल्या गोळ्या मोजत बसते. रडू येतं, एसटीत खिडकीकडं तोंड करून रडते. पण राजीनामा देणार नाही. काढायचं असेल तर काढा, आणि कशासाठी काढलं ते सही करून लिहून द्या. तो कागद घेऊन मी पोलीस ठाण्यात जाईन. तिथं घेतला नाही तर वर्ध्याला, कोर्टात. लिहून देत नसाल, तर उद्या सकाळी मी फळ्यापुढं उभी असेन. वर्गात एक पोर असलं तरी.