किडनीबाईंची मंडळी

किडनीबाई प्रयोगशाळेतल्या उंदरांनाही अहो-जाहो करत. "या मंडळी, बाहेर या," म्हणत उचलून घेत आणि भूल द्यायच्या आधी दोन भिजवलेले चणे पुढे धरत. आम्ही हसलो की म्हणत, "ज्यांचा जीव घ्यायचा त्यांना अरे-तुरे कुठल्या तोंडाने करायचं गं?"

नव्वदच्या सुमाराला त्या डोंबिवलीहून ठाण्याला आमच्या प्रयोगशाळेत येत. मूत्रपिंडातल्या काही पेशींत आम्ल लघवीत ढकलणारे प्रोटॉन पंप असतात. वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांत ते पेशीत कुठे असतात, हे ताडून पाहणं हा त्यांच्या पीएचडीचा विषय. उंदीर, ससे आमच्याकडेच होते. बोकडाचं मूत्रपिंड कोपरीच्या खाटकाकडून आणायचं. घरात अंडंही न आणणाऱ्या बाई दुकानाच्या कोपऱ्यावर पाठ फिरवून उभ्या राहत आणि सगळं आटोपल्यावर हाक आली की वळत.

काचपट्ट्यांवर बोकड वेगळाच निघाला: पंप पेशीचा काठ सोडून आत विखुरलेले. सगळा प्रबंध त्यावर उभा राहिला. मग शेवटी शेवटी एकदा वीज गेली, गडबडीत एका उंदराचं मूत्रपिंड पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या औषधात पडायच्या आधी थोडा वेळ तसंच राहिलं, आणि त्याचेही पंप तसेच विखुरलेले दिसले.

"हे बोकडाचं नाही गं," बाई म्हणाल्या. "मी पाठ फिरवून उभी राहते ना, त्या उशिराचं चित्र आहे."

गाइड म्हणाले, "कोण बघतंय? देऊन टाका." बाईंनी प्रबंध दिला नाही. पुढच्या रविवारी मला घेऊन गेल्या आणि खाटकाच्या समोर उभ्या राहिल्या.

"बाई, बाजूला व्हा ना, उडेल अंगावर."

हलल्या नाहीत. बोकडाला "माफ करा" म्हणाल्या आणि मूत्रपिंडाचे तुकडे ऊन ऊनच औषधात टाकले. या वेळी बोकड उंदरासारखाच निघाला. फरक गेला, त्याबरोबर प्रबंधही.

"फरक नाही, हेही उत्तरच की," मी म्हटलं.

"हो. ते जाऊन पिंजऱ्यात सांग."

पुढे त्या डोंबिवलीत शाळेत शिकवू लागल्या. पीएचडी गेल्याचं कधी बोलल्या नाहीत. "ती मंडळी माझ्यापायी फुकट गेली," हे मात्र मी भेटले की म्हणत. काही वर्षांनी बाई अचानक गेल्या. पितृपक्षात अविधवा नवमीला त्यांच्या यजमानांनी मला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. बाईंच्या पानाशेजारी आणखी एक रिकामं पान मांडलेलं होतं.

"तिच्या मंडळींचं," ते म्हणाले. "दर पितृपक्षात मांडायची. वाढायची मात्र स्वतःच. काय वाढायची, मला ठाऊक नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन चणे शोधले, गरम पाण्यात टाकले. ते भिजेपर्यंत आम्ही दोघं त्या पानाकडे तोंड करून बसून राहिलो.