दोरी ओढायला लाज कसली

जपानात खोडरबर कसं तयार होतं हे अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला माणूस आमच्या शेजारी राहतो, आणि यावर कोणाला पैज लावायची असेल तर मी माझी गाडी लावते. आमचे हे शेजारचे काका छत्तीस वर्षं औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर आमच्या कॅरी गावातली माणसं गोल्फ खेळतात, क्रूझवर जातात, निदान नातवंडांना क्लासला तरी सोडतात. काकांनी टीव्हीसमोर खुर्ची ओढली आणि जपानी कारखाने बघायला घेतले. पेन्सिलींचे, चाकूंचे, छत्र्यांचे, शेवयांचे, अगदी झाडूंचेसुद्धा. या व्हिडिओंत कोणी बोलत नाही, गाणं नाही, गोष्ट नाही. नुसता यंत्रांचा खटक-खटक आवाज आणि पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं. एकदा त्यांनी आम्हाला चहाला बोलावून खोडरबराचा पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ लावला. माझा नवरा मध्येच छान झोप काढून उठला आणि म्हणाला, "अजून खोडरबरच?" काका म्हणाले, "गप रे. आता पॅकिंग आहे. पॅकिंगच तर बघायचं असतं!"

बघून थांबले असते तर एक वेळ ठीक होतं. पण "ठीक" हाच तर सगळा घोळ आहे. तिकडचे कामगार म्हणे प्रत्येक गोष्ट तपासली की तिच्याकडे बोट दाखवतात आणि मोठ्यानं "ठीक" अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात, म्हणजे चूक होत नाही. काकांनी हे घरी सुरू केलं. "गॅस बंद, ठीक! मागचं दार, ठीक!" गाडी काढण्याआधी उतरून दोन्ही ब्लिंकर बघायचे आणि भर ड्राइव्हवेमध्ये बोट रोखून ओरडायचे, "डावा, ठीक! उजवा, ठीक!" समोरची अमेरिकन बाई सुरुवातीला त्यांना हात हलवून हॅलो म्हणायची. आमच्या घरच्या सत्यनारायणाला तर आरती संपल्यासंपल्या ते निरांजनाकडे बोट दाखवून "ठीक!" म्हणाले, तेव्हा गुरुजींचा पुढचा मंत्रच हुकला. काकूंना हे मुळीच खपत नसे. "अहो, माणसांत आहात! मी मेले तरी असंच बोट दाखवाल!" असं त्या म्हणायच्या.

काकांच्या मनात मात्र सर्वांत मोठा मान होता पेन्सिलीच्या कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंना. त्या शेवटच्या टेबलाशी बसतात, तळव्याखालून पेन्सिली सरकवतात आणि वाकडी असेल ती न बघता अचूक बाजूला काढतात. काका दर वेळी त्या जागी व्हिडिओ थांबवायचे. "बघितलंस? हातालाच कळतं. यंत्र जे नाही पकडत ते त्या बाई पकडतात." आणि दुसरं त्यांचं दैवत म्हणजे दोरी. कामाच्या रांगेवर एक दोरी टांगलेली असते. कोणालाही खोट दिसली की त्यानं ती ओढायची आणि सगळी रांग थांबवायची. "ओढणाऱ्याला कोणी रागवत नाही बरं का. दोरी ओढायला लाज कसली? न ओढायला लाज!"

आता काकूंबद्दल सांगते. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला नैवेद्याचे एकशे एक उकडीचे मोदक वर्षानुवर्षं काकूंच्या हातचे असायचे. नाजूक कळ्या, टोक असं की देवळाचा कळस. दोन वर्षांपूर्वी काकूंना स्ट्रोक आला आणि नेमका उजवा हात गेला. गेल्या गणपतीत मंडळानं फ्रोझन मोदक आणले. ताटातला तो रबरासारखा मोदक बघून काकूंनी ताट बाजूला सारलं. उठल्या आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसून राहिल्या. त्यानंतर त्या कुठल्याच कार्यक्रमाला आल्या नाहीत. कोणी बोलवायला गेलं की "बघू" म्हणायच्या. मला फार वाईट वाटायचं, पण मी तरी काय करणार होते?

काकांनी मात्र ठरवलं. यंदा ते थेट कमिटीच्या मीटिंगमध्ये घुसले आणि म्हणाले, "मोदक इथेच होतील. माझी लाइन, मंडळाची माणसं." अध्यक्ष भला माणूस, पण सॉफ्टवेअर मॅनेजर. म्हणाला, "काका, नो ऑफेन्स, पण फ्रोझन रिस्क-फ्री आहे यार." काका म्हणाले, "रिस्क-फ्री तर उपाससुद्धा आहे." शेवटी ठरलं असं, की सकाळी अकरा वाजेपर्यंत एकशे एक मोदक झाले नाहीत तर फ्रोझनचे खोके फोडायचे. घरी काकूंनी साफ सांगितलं, "मी येणार नाही. माझ्यानं एक कळी पडत नाही. मला शोभेची बाहुली म्हणून बसवू नका." काका नुसतं म्हणाले, "कळ्या पाडायला नकोच आहेस तू. शेवटच्या टेबलाला माणूस नाही माझ्याकडे."

गणपतीच्या दिवशी सकाळी मंडळाच्या हॉलच्या किचनमध्ये गेलो तर जमिनीवर पिवळ्या टेपच्या रेघा! सहा टेबलं. पहिल्यावर उकड मळायची, दुसऱ्यावर गोळ्यांचं वजन, तिसऱ्यावर पारी, चौथ्यावर सारण, पाचव्यावर कळ्या, सहाव्यावर मोदकपात्र आणि तपासणी. सगळ्यांच्या डोक्यावर शॉवर कॅप. टेबलांवरून परकराची लांब नाडी ताणलेली आणि तिच्या टोकाला देवघरातली घंटा. काका गळ्यात स्टॉपवॉच अडकवून येरझारा घालत होते. आणि सहाव्या टेबलाशी, शाल पांघरून, तोंड फिरवून, चक्क काकू! "बसून राहीन फक्त," असं त्यांनी बजावलं होतं म्हणे.

लाइन सुरू झाली. प्रत्येक गोळा तराजूवर. "तीस ग्रॅम, ठीक!" मी पारीवर होते. दहाव्या-बाराव्या पारीला मला तडा दिसला. खोटं कशाला बोलू, दिसला! पण म्हटलं, जाऊ दे, चालतंय, एवढ्यासाठी कुठे घंटा वाजवायची, माणसं काय म्हणतील. सारणवाल्या वहिनींनाही तो दिसला होता, कळ्या पाडणाऱ्या माझ्या नवऱ्यालाही. हे आम्ही एकमेकांना नंतर सांगितलं. पण मराठी माणसं आम्ही. भांडायचं तर तासभर भांडू, पण चारचौघांत कोणाच्या कामाला खोट काढायची म्हणजे जीव जातो. घंटा अर्ध्या तासात एकदाही वाजली नाही. काका खूश होते. तडकलेले मोदक एकामागून एक पुढे जात होते.

आणि खणखण घंटा वाजली. सगळे दचकले. नाडी काकूंच्या डाव्या हातात होती. समोरच्या ताटात त्यांनी अकरा मोदक बाजूला काढून ठेवले होते.

"उकड गार झाली आहे," काकू म्हणाल्या. "पारी चिरते, हाताला कळतं. वजन करत बसलात होय? उकड काय थांबते कुणासाठी? तो तराजू उचला आधी. आणि अगं, तू! दिसत होतं ना तुला? मग पुढे का ढकललीस?" मी मान खाली घातली. "आणि तुम्ही," काकांकडे वळून त्या म्हणाल्या, "ते घड्याळ खिशात घाला."

मी भीत भीत काकांकडे बघितलं. छत्तीस वर्षांच्या इंजिनिअरची लाइन भर मंडळात मोडली होती, आणि हा माणूस शॉवर कॅपमध्ये नाचत होता. "लाइन थांबली! ऐकलंत का? लाइन थांबली!"

पुढचा तास सगळं काकूंनी चालवलं. गरम उकड ओल्या फडक्याखाली, एका वेळी लिंबाएवढाच गोळा, तुपाचा हात. घंटा आणखी सहा वेळा वाजली. एकदा तर माझ्याच पारीसाठी मी नाडी ओढली. अकरा वाजले तेव्हा चौसष्ट मोदक झाले होते. अध्यक्ष खोका घेऊन आत आला, तर पुन्हा खणखण! "तो खोका खाली ठेव बाळा," काकू म्हणाल्या. "बाप्पा अर्धा तास थांबेल. जेवायला आलाय, ट्रेन पकडायला नाही." अध्यक्षानं खोका खाली ठेवला, हात धुतले आणि निमूटपणे कळ्या पाडायला बसला. आरती साडेबाराला झाली. मोदक एकशे एक. कळ्या कोणाच्या सात, कोणाच्या तेरा, पण फुटका एकही नाही.

काकूंचा हात काही त्यानं बरा झाला नाही. तो आता बरा होणारही नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक आहे. त्या दिवशी निघताना मी डबे घेऊन त्यांच्या गाडीपर्यंत गेले. काका नेहमीप्रमाणे बोट दाखवत होते. "पात्र, ठीक. घंटा, ठीक." मग काकूंचा सीटबेल्ट लावून काकांनी त्यांच्याकडे बोट वर केलं. बोट तसंच राहिलं. काकूंनी डावा हात शालीतून बाहेर काढला, काकांकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "ठीक. चला आता, मला भूक लागली आहे."

काका गाडीत बसले. त्या दिवशी ते ब्लिंकर न तपासताच निघाले.