पाळण्यातलं मराठी

आल्प्समध्ये तारेवरून डोंगरावर जाणाऱ्या त्या डब्याचं नाव आम्ही तिघांनी पाहताक्षणी पाळणा ठेवलं. तिथल्या लोकांचा त्याला काही भारदस्त शब्द होता, पण तो आमच्या जिभेवर बसेना. आणि नर्मदेकाठच्या जत्रेत पाळण्यात बसून पोटात गोळा आलेल्या माणसांना दुसरं नाव सुचणार तरी कुठून?

आम्ही तिघं म्हणजे मी, माझी मैत्रीण आणि तो. तिघंही जबलपूरचे, तिघंही विलायतेत शिकायला आलेले. आम्ही दोघी मध्य प्रांताच्या शिष्यवृत्तीवर शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होतो, तो डॉक्टरी शिकत होता. तो गोरखपूर मोहल्ल्यातला, हिंदी घरातला. त्याच्याशी आम्ही हिंदीत बोलायचो आणि आपसात मराठीत. यात काही गैर आहे असं कधी मनातही आलं नाही. जबलपूरच्या मराठी मुलीला ही सवय आईच्या मागे बाजारात जाता जाताच लागते. भाजीवाल्याशी हिंदीत गोड बोलायचं आणि त्याच्याच तोंडावर मराठीत म्हणायचं, ‘वांगी किडकी दिसून राहिली, चल पुढे.’ त्याला समजत नाही असं आपण धरून चालायचं.

आमचं शिक्षण संपलं होतं आणि बोट सुटायला थोडे दिवस होते. जाण्याआधी डोंगर पाहून घेऊ, ही कल्पना त्याची. मी आनंदाने निघाले खरी, पण माझा निम्मा जीव घरी होता. बाबांनी नागपूरच्या एका प्राध्यापकांचं स्थळ पाहिलं होतं आणि बोटीत चढण्याआधी माझं हो किंवा नाही त्यांना हवं होतं. माणूस चांगला होता. अडचण एवढीच की मी दुसऱ्याच माणसात पुरती गुंतले होते. आणि हा दुसरा माणूस माझी बॅग उचलायचा, माझ्यासाठी रांगेत उभा राहायचा, थंडीत स्वतःचा मफलर काढून मला द्यायचा आणि मनातला एक शब्द तोंडातून काढायचा नाही. मला त्याचा भयंकर राग यायचा.

पाळणा हलला. आमच्याखेरीज आत एक म्हातारं जोडपं आणि दार सांभाळणारा माणूस होता. खाली कुरणात गाई चरत होत्या. त्यांच्या गळ्यातल्या घंटा वर ऐकू येत राहिल्या आणि गाई मात्र बारीक होत होत दिसेनाशा झाल्या. मग आम्ही ढगात शिरलो. चारी खिडक्या पांढऱ्या झाल्या. वर चाललोय, खाली चाललोय की जागच्या जागी लोंबकळतोय, काही कळेना. म्हातारा-म्हातारीही बोलायची थांबली. तो आमच्याकडे पाठ करून काचेला कपाळ टेकून उभा होता. त्या पांढऱ्यात मला असं वाटायला लागलं की इथे बोललेलं कुठेच धरलं जाणार नाही, जसं स्वप्नात बोललेलं कोणी धरत नाही.

मी मैत्रिणीला म्हटलं, “बाबा विचारून राहिले. काय सांगू?”

“हो म्हण. काहून अडून बसली?”

“मला हा पाहिजे. हा समोर उभा आहे ना, हा. आणि हा तर ढग पाहून राहिला!”

“अगं, ऐकेल तो.”

“ऐकू दे. त्याला काय समजते?”

पाळणा एका खांबावरून गचका देऊन पुढे गेला. काचेकडे तोंड ठेवूनच तो म्हणाला, “समजते. सगळं समजते.”

ते मराठी होतं. मोडकं, पण आमच्याच गल्लीतलं. माझे कान तापले. मैत्रीण उगाच पर्स उघडून आत पाहू लागली.

तो वळला. त्याच्या घरी वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहायचं, त्यांच्याच मुलांत तो लहानाचा मोठा झाला होता. हे सगळं त्याने अडखळत, एकेक शब्द शोधत सांगितलं. मी चिडून विचारलं, “मग इतके दिवस सांगितलं काहून नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासमोर बोलल्या नसत्या.” मग मराठी संपलं म्हणून की काय, तो हिंदीत म्हणाला, “अच्छा लगता था, सुनना.”

मला वाटलं, आता तो पुढचं बोलेल. तो बोललाही. “माझं लग्न झालं आहे. मॅट्रिकच्या पहिले. गौना बाकी आहे.”

गौना म्हणजे काय ते जबलपुरात कोणाला सांगावं लागत नाही. लहानपणी लग्न लागलेली मुलगी माहेरी वाढते आणि नवरा कर्ता झाला की सासरी पाठवली जाते. कुठल्याशा गावात एक मुलगी याच्या परतण्याची वाट पाहत होती. त्याने तिला एकदाच पाहिलं होतं, तेही पदराआड. मला तिचा राग यावा असं फार वाटत होतं, पण तो येईना. त्याचाही येईना. आयुष्यात पहिल्यांदाच माझा राग ऐनवेळी मला सोडून गेला.

वर ऊन होतं. ढग पायाखाली पसरले होते आणि त्यांतून डोंगरांची टोकं बाहेर आली होती. मैत्रीण कॉफी आणायच्या निमित्ताने बाजूला झाली. तो हळूच म्हणाला, “प्रोफेसर साहब को हां कह दीजिए.”

“आप डॉक्टर हैं, अपने मरीज़ों को दवा बताइए,” मी म्हटलं. राग परत आला होता, त्यामुळे जरा बरं वाटलं.

बाबांना मी ‘नाही’ असं कळवलं. त्यांनी कारण विचारलं तेव्हा शाळेत शिकवायचं आहे म्हटलं. ते खोटंही नव्हतं. केस पिकेपर्यंत मी शिकवलं आणि मला ते आवडलं.

त्या दिवशी उतरताना पाळण्यात आम्ही तिघंच होतो आणि दारावरचा माणूस. ढग जवळ येऊ लागला तसा तो म्हणाला, “मराठीत बोला ना. दोघी बोलता तसं.”

“आता काय बोलायचं?” मैत्रीण म्हणाली.

मी मात्र बोलायला लागले. काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून मटारावर बोलले. हिवाळ्यात पनागरहून मटार येतो, आई गच्चीवर चटई घालते, सोलायला सगळ्यांना बसवते. सोलताना निम्मे दाणे तोंडात जातात. मग उसळ होते, कचोऱ्या होतात, तरी टोपली सरत नाही. गच्चीवर ऊन कुठून येतं, कोण कुठे बसतं, हेही मी सांगितलं. मैत्रीण हं, हं करत होती, मग तिने तोंड फिरवलं. खिडक्या पुन्हा पांढऱ्या झाल्या. तो डोळे मिटून ऐकत होता.

“सावकाश बोला,” तो मराठीत म्हणाला. “नाहीतर लवकर खाली पोचू.”

मी आणखी सावकाश बोलू लागले.