झोळीखालची वाकळ

आमच्या अहमदपुरात झोळीत लेकरं झोपतात, मोठी माणसं नाहीत. त्यामुळं मी आणि माझ्या मित्रानं दोन हॅमॉक मागवले तेव्हा गल्लीनं आमची यथेच्छ टिंगल केली. आमचं ठरलं होतं, दिवाळीनंतर दोघांनीच सह्याद्रीतल्या जंगलात जायचं आणि झाडाला झोळ्या टांगून झोपायचं. शाळा सुटल्यापासून दोघंच असे कुठं गेलो नव्हतो. लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, तो धर्माबादला जाऊन पडला. मला जंगलाचं एवढं काही नव्हतं, त्याच्याबरोबर जायचं होतं.

अडचण थंडीची होती. झोळीत वरून कितीही पांघरा, पाठ गारच पडते, कारण अंगाखाली दबलेली वाकळ ऊब धरत नाही. ती झोळीच्या खाली, बाहेरून लटकवावी लागते. पाठीला नुसती टेकली पाहिजे. ताणली तर दबते, सैल सोडली तर मधून वारं शिरतं. विकतचं सामान आणायला माझा अहंकार आडवा आला. मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, पडद्याच्या कड्या शिवल्या, जाड तारेचे आकडे वळवले. वाकळा आईनं शिवल्या, तिच्या हिरव्या लुगड्याच्या, दोन्ही सारख्या. दोन्ही पोरांत दुजाभाव नको, असं तिचं म्हणणं.

मित्र येऊन दोन्ही झोळ्या सगळ्या सामानासकट घेऊन गेला. त्याच्या निलंग्याच्या शेतात टांगून बघतो म्हणाला. बघायला दोन कशाला, हे विचारायचं मला सुचलंही नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला की साहेबानं रजा नाकारली, जाणं रद्द. कधी न पाहिलेल्या त्या साहेबाला मी मनसोक्त शिव्या घातल्या आणि वर मित्राचीच समजूत काढली.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या सुमारास त्याच्या बायकोचं स्टेटस दिसलं. फोटोत दोन झोळ्या. एकीत माझा मित्र, दुसरीत एक जाडजूड गृहस्थ, आणि खाली लिहिलेलं, ‘साहेबांसोबत जंगलात’. मित्राच्या बदलीचा अर्ज त्याच साहेबाच्या टेबलावर होता, हे मला ठाऊक होतं.

आईनं मोबाइलात डोकावून आपलं लुगडं ओळखलं आणि मी कसा गेलो नाही, असं विचारलं. मला सुट्टी मिळाली नाही, मी म्हणालो. दगा त्यानं दिला आणि त्याची लाज झाकायला खोटं मी बोललो.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. मला वाटलं, माफी मागेल.

“अरे, ती मधली पट्टी कुठं अडकवायची? सायबाच्या पाठीला लई गार लागून राहिलंय.”

बाकी एक शब्द नाही. फोन आपटावा असं वाटत होतं, पण मी सांगत गेलो. आधी पायाकडची पट्टी सैल कर, मग मधली वरच्या कडीत घाल. पलीकडून साहेबाचा आवाज आला, हे बनवलं कोणी? “मीच केलं साहेब, घरी,” मित्र म्हणाला आणि फोन बंद झाला.

आई शेजारीच बसली होती.

“काय म्हणून राहिला? गार तर न्हाई ना लागत पोराला?”

“त्याला न्हाई लागत, माय.”